बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

उन्हाळा तापला की माझ्या दुकानात एकच वाक्य ऐकू येतं: "मालक, बॅटरी गेली, नवी टाका." अक्कलकोट रोडला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान असलेल्या माणसाचा यात फायदाच आहे. पण दोष दुसरीकडंच असला तर आठवड्याभरात तीच गाडी नव्या बॅटरीसकट टोचन करून परत येते आणि शिव्या मला पडतात. म्हणून मी आधी मीटर लावतो. साधा डिजिटल मल्टीमीटर घरात असला तर तुम्हीही लावू शकता.

आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. टाकी रिकामी दिसली म्हणून कुणी नवी टाकी आणत नाही. पाणी आलंच नाही का, खाली कुठं नळ गळतोय का, का टाकीलाच चीर गेलीय, हे आधी बघतात. गाडीचंही तसंच. डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, चार्जिंग देत नाही, किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय, किंवा बॅटरीच संपलीय.

मीटर लावायच्या आधी कान लावा. चावी फिरवल्यावर भराभर टक-टक-टक आवाज येत असेल आणि डॅशबोर्डवरच्या काट्यांचे दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जोरात टक आणि पुढं काही नाही, तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, किंवा त्याची जाड वायर बघायची. दिवे झकास, हॉर्न झकास आणि सेल्फचा आवाजच नाही, तर बॅटरीला हात लावू नका; क्लच किंवा गिअरचा स्विच, रिले, फ्यूज यातलं काहीतरी आहे.

आता बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं मीठ फुललंय का? हातानं हलवून क्लॅम्प फिरतोय का? माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी 'गेलेल्या' बॅटऱ्या इथंच जिवंत होतात. साफ करताना दहा नंबरचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, पॉझिटिव्ह आधी. क्रम चुकला आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. हातातली अंगठी, कडं आधी काढून ठेवा. आणि बिडी-सिगारेट लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी लावायच्या आधी घ्यायचा. मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या खांबांवर पिना टेकवा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली दिसली म्हणून लगेच निकालात काढू नका. आधी चार्ज करा आणि मग तपासा.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. एकानं चावी फिरवायची, दुसऱ्यानं मीटर बघायचा. भरलेल्या बॅटरीचे व्होल्ट साडेनऊच्या खाली कोसळले तर बॅटरीत दम नाही. पण व्होल्ट अकराच्या वर टिकून आहेत आणि इंजिन तरी जड फिरतंय, तर दोष वायरीत किंवा सेल्फमध्ये. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी पट्टी, गंजलीय. जुन्या गाड्यांत हा दोष हमखास सापडतो. पट्टीचा खर्च बॅटरीच्या मानानं काहीच नाही.

तिसरा आकडा गाडी चालू असताना. 13.8 ते 14.5 मिळायला पाहिजे. मग हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं लावून थोडी रेस द्या. तरी साडेतेराच्या वर राहिला तर डायनामो ठणठणीत. चालू गाडीवर 12.4, 12.3 असं हळूहळू उतरत गेलं तर चार्जिंग नाही. बेल्ट ढिला आहे का, मागची वायर सुटलीय का, फ्यूज उडालाय का, हे आधी. मग डायनामोतले कार्बन ब्रश आणि व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय. तो बॅटरीतलं पाणी उकळून टाकेल आणि हेडलाइटचे बल्बही उडवेल. अलीकडच्या काही गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर तो व्होल्ट मुद्दाम कमी ठेवतो, म्हणून अशा गाडीवर लोड लावल्याशिवाय निकाल देऊ नका.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा चावी ऑन केल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. चालता चालता लागला तर एसी, टेप बंद करा आणि जवळचं गॅरेज गाठा. तुळजापूर घाटात दिवा लागला आणि गाडी छान पळतेय म्हणून पुढं निघालात, तर बॅटरी संपेपर्यंतच पळणार.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून डायनामो तपासायची एक जुनी पद्धत आहे. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला, म्हणे. अॅम्बॅसेडरच्या जमान्यात खपलं. आजच्या गाडीत तो झटका कॉम्प्युटर जाळू शकतो. कुणी तुमच्या गाडीत करायला लागला तर हात धरा.

चार्ज केल्यावर दुसरा-तिसरा आकडा बरोबर आणि तरी सकाळी गाडी मेलेली, तर गळका नळ शोधायचा. हे काम सबुरीचं. मीटर दहा अँपिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह खांब आणि त्यावरून काढलेली वायर यांच्यामध्ये जोडा, दारं लॉक करून अर्धा तास थांबा, म्हणजे गाडीतली सगळी यंत्रं झोपतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. अर्धा अँपिअर दिसला तर हिशोब करा: दिवसाला बारा अँपिअर-अवर. छोट्या गाडीची 35 ची बॅटरी तिसऱ्या दिवशी आडवी. मग एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा खाली येईल त्या लाइनीत चोर आहे. माझ्या अनुभवात चोर बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला असतो: डॅशकॅम, ट्रॅकर, अॅम्प्लिफायर. सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली आला नाही तर डायनामोची जाड वायर सोडवून बघा. आतला डायोड फुटला की तो रात्रभर बॅटरी पितो.

आता आपल्या उन्हाचं. 43-44 अंशात बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा गंजतात. मार मे महिन्यात बसतो, पण बऱ्याचदा ती दगा देते जानेवारीत, आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, पहाटेच्या गारठ्यात, कारण तेव्हा इंजिन जड असतं. झाकणांची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पाणी बघत राहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर, प्लेटा बुडतील इतकं. बोअरचं पाणी नाही, आणि अॅसिड तर नाहीच. हायड्रोमीटरनं, म्हणजे अॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीनं, बॅटरीची सहाही घरं (सेल) तपासा. पाच सारखी आणि एकच फार खाली, तर ते घर मेलंय आणि बॅटरी खरोखर गेली. बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा हिरवा डोळा एकाच घराचं सांगतो, त्याच्यावर विसंबू नका.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा तर लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चालू झाल्यावर डायनामोवर सगळा भार टाकण्यापेक्षा चार्जरवर स्लो चार्जिंग करून घ्या. 35 च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, रात्रभर. नुसतं जुळे सोलापूर ते नवी पेठ फिरून ती भरत नाही.

एवढं करून बॅटरीच गेली असं ठरलं, तर त्याच मापाची आणि त्याच जातीची घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी टाकू नका. जुनी दुकानातच द्या, भंगाराचे पैसे बिलातून वजा होतात. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का डोळ्यांसमोर मारून घ्या. बसवल्यावर घड्याळ लावा, आणि काचा एका दाबात वर जात नसतील तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की ती सवय परत येते.