मिनिएचरच्या क्लोकवर डाग न पडता ग्लेझ कसा चढवायचा

ज्यांच्या दहा-पंधरा मिनी (टेबलवरच्या खेळांतल्या छोट्या मूर्ती) रंगवून झाल्यात त्यांच्यासाठी हे लिहितेय. ग्लेझ म्हणजे पातळ, पारदर्शक रंगाचे एकावर एक हात, दोन छटांमधली कड मिटवायला. बेस कोट (पहिला सपाट रंग), वॉश (खोबणीत उतरणारा पातळ रंग), ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे घासणं) सगळं येतं, टेबलवर हातभर अंतरावरून मॉडेल मस्त दिसतं, पण उचलून डोळ्यांजवळ नेलं की क्लोकवर पट्टे, कडांना गडद रेघा आणि खडू फासल्यासारखे भुरकट डाग. मी या टप्प्यावर जवळपास दोन वर्षं अडकले होते आणि त्या दोन वर्षांत ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, रंग पातळ कर. मी तर पाण्यासारखा पातळ करत होते, आणि डाग नेमके त्यानेच पडत होते.

उदाहरणाला ३२ मिमी स्केलचा जादूगार घेऊ, पाठीवरून पायापर्यंत लाल क्लोक, मोठमोठ्या चुण्या. लाल मुद्दाम घेतलाय. बरेचसे लाल रंग खालचं नीट झाकत नाहीत आणि उजळ करायला पांढरा मिसळला की गुलाबी होतात, त्यामुळे लाल क्लोक जमला की बाकीचे रंग सोपे वाटतात.

तयारी तुम्हाला माहीत आहे: मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाची रेघ) खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा, काळा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), वरून तिरका पांढरा. जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर बाजूला ठेवून ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, दमट हवेत स्प्रेचा थर खरखरीत बसतो आणि तो खरखरीतपणा वरच्या प्रत्येक थरातून दिसत राहतो.

ब्रशबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण इथे लोक पैसे वाया घालवतात. बारीक काम म्हणून तीन शून्य, पाच शून्य नंबरचे ब्रश घेऊ नका. त्यात रंग मावतच नाही, मिनीपर्यंत हात पोचेतो टोकावर सुकतो. १ किंवा २ नंबरचा, पोटाला भरलेला आणि टोकाला सुईसारखा कोलिन्स्की (प्राण्याच्या खऱ्या केसांचा) ब्रश एकच घ्या आणि जपा. विन्सर अँड न्यूटन या ब्रिटिश कंपनीची सिरीज ७ मूळची १८६६ सालची, व्हिक्टोरिया राणीसाठी बनवलेली आणि नाव पडलं तिच्या आवडत्या सात नंबरवरून, म्हणजे ब्रश मोठा असला तरी टोक बारीक राहू शकतं हे जुनंच ज्ञान आहे. मेटॅलिक रंगांना मात्र वेगळा स्वस्त ब्रश आणि पाण्याचा वेगळा कप ठेवा, त्यातली चमक पाण्यात उतरते आणि पुढच्या रंगात जाऊन बसते. आणि ब्रशचं टोक जिभेने नीट करायची सवय असेल तर आजच सोडा, कलाकारांच्या काही रंगांमध्ये कॅडमियम असतं.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारं पॅलेट, घरीच होतं. झाकणाचा सपाट डबा, तळाला ओला स्पंज किंवा किचन टॉवेलच्या तीन-चार घड्या, वर केक-बिस्किटं भाजायला वापरतात तो पार्चमेंट पेपर. मेण लावलेला बटर पेपर चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही.

आता रंग. गडद लाल (लालमध्ये थोडा गडद तपकिरी), मधला म्हणजे बाटलीतला लाल, आणि उजळ (लालमध्ये नारिंगी, शेवटच्या टप्प्याला किंचित त्वचेचा रंग). पांढरा अजिबात नको. सगळ्या क्लोकला गडद लालचे दोन हात मारा, मग चुण्यांच्या उंचवट्यावर मधला, त्याहून छोट्या भागावर उजळ. इथे पायऱ्या दिसतील, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारख्या. दिसू द्या, घासून मिसळायला जाऊ नका. त्या मिटवायचं काम ग्लेझ करणार.

आणि हाच तो टप्पा जिथे माझी तीन मॉडेलं पुन्हा पुन्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, टूथब्रशने खरवडून परत प्रायमरपासून सुरू करावी लागली.

सगळीकडे सांगतात की रंग दुधासारखा करा. कुठल्या दुधासारखा? म्हशीच्या निरशा दुधासारखा केलात तर पायरी मिटायच्या ऐवजी नवीन पायरी तयार होते, आणि पाणी घातलेल्या दुधासारखा केलात तर ओघळून खोबणीत जातो. माझं प्रमाण सांगते: एक थेंब रंग, तीन थेंब पाणी, तीन थेंब ग्लेझ मीडियम (रंगात मिसळायचा बिनरंगाचा द्रव). थेंब मोजता येतात म्हणून मला ड्रॉपर बाटल्या आवडतात, डबीतला रंग असेल तर ब्रशने काढून अंदाजाने घ्या. मीडियम सोडू नका. नुसतं पाणी वाढवलं की रंगाला धरून ठेवणारा बाइंडरही विरळ होतो, मग रंगाचे कण मोकळे सुटतात आणि पाणी सुकताना कडेला जाऊन जमतात. चहाचा कप उचलल्यावर खाली जो गोल राहतो, मध्ये फिका आणि कडेला गडद, तो आठवा. क्लोकवरच्या गडद रेघा म्हणजे तेच. मीडियम रंग पारदर्शक करतं पण बाइंडर टिकवतं.

मात्र मिश्रण अगदी बरोबर असूनही माझे डाग थांबले नव्हते, कारण गडबड ब्रशमध्ये होती. माझं आजोळ पेणचं. लहानपणी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालायची तेव्हा आम्ही पोरं दारात बसून बघायचो. आखणी करणाऱ्या काकांच्या मांडीवर एक फडकं असायचं, ब्रश रंगात बुडवला की आधी तो फडक्यावर हलकेच टेकवायचे, बोटांत फिरवायचे आणि मगच मूर्तीकडे न्यायचे. दर वेळी, एकदाही न चुकता. मी रंग पातळ करण्यात इतकी गुंतले होते की हे कधी केलंच नव्हतं. भरलेला ब्रश तसाच क्लोकवर टेकवत होते आणि पोटातलं सगळं पाणी एका क्षणात खाली उतरत होतं.

तर क्रम असा. ब्रश अर्ध्या केसांपर्यंत बुडवा. घडी केलेल्या टिश्यूवर ब्रशचं पोट टेकवा, टोक नव्हे, आणि फिरवत उचला, सेकंदभर पुरे. मग डाव्या अंगठ्याच्या नखावर एक फटकारा ओढा. नखावर थेंब उभा राहिला किंवा रंग कडेच्या चामडीत पळाला तर अजून ओला आहे, परत टिश्यू. नुसता ओलसर रंगाचा पडदा राहिला, त्यातून नख दिसतंय आणि तो बघता बघता सुकला, तर मिनीकडे जा. हे प्रत्येक वेळी ब्रश भरल्यावर करायचं. एका संध्याकाळी शंभर वेळा होतं, कंटाळा येतो, पण जिथे सोडलंत नेमका तिथेच डाग पडतो, हे मी पैजेवर सांगेन.

पुढचं, दिशा. फटकारा जिथे संपतो, म्हणजे ब्रश जिथे उचलता, तिथे सगळ्यात जास्त रंग पडतो. म्हणून सावली गडद करायची असेल तर उंचवट्याकडून खोबणीकडे ओढा आणि खोबणीत उचला, उजेड वाढवायचा असेल तर खोबणीकडून उंचवट्याकडे आणि वरच्या कंगोऱ्यावर उचला. मी कित्येक महिने जशी सोय होईल तशी वर-खाली फिरवत होते, त्यामुळे उजेड आणि सावली दोन्हींच्या मधोमध चिखल व्हायचा. हात अवघडत असेल तर ब्रशची दिशा बदलू नका, मॉडेल उलटं धरा. बाटलीच्या झाकणावर ब्लू टॅकने (परत काढता येणारा चिकट गोळा) चिकटवलेलं असलं की सहज फिरवता येतं.

आणि सुकू द्या. आपले रंग ॲक्रिलिक, त्यातलं पाणी उडालं की त्याचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो. तो अर्धवट बनलेला असताना ब्रश लागला तर फाटतो आणि मधोमध छिद्र पडून खालचा थर उघडा होतो. ओली चकाकी पूर्ण गेल्याशिवाय त्या जागेला हात लावायचा नाही. मी क्लोकच्या चुण्यांना क्रम लावते, डावीकडून पहिली, दुसरी, तिसरी, शेवटच्या चुणीपर्यंत पोचले की पहिली सुकलेली असते. एप्रिल-मे मध्ये उलटा त्रास, ब्रशवरच सुकतं. पंखा बंद करा, गरम होतं माहीत आहे, पण पंख्याखाली ग्लेझ होत नाही.

चुकून डबकं झालंच तर घाबरून पसरवू नका. ब्रश धुवा, पुसा, नुसता दमट ब्रश डबक्याला टेकवा, तो रंग शोषून घेतो. कडा सुकायला लागली असेल तर मात्र काहीही करू नका, पूर्ण सुकू द्या आणि नंतर मधल्या लालने तो भाग परत उचला. माझी निम्मी मॉडेलं डागामुळे नाही, डाग पुसायला गेल्यामुळे खराब झाली.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना. पहिल्या दोन हातांत काहीच दिसणार नाही. खरंच काही नाही, तुम्हाला वाटेल रंग लागतच नाहीये. इथेच जवळजवळ प्रत्येक जण मिश्रणात आणखी रंग घालतो आणि परत पट्टे पडतात. घालू नका. चौथ्या हाताला पायरीची कड मऊ होते, सहाव्या-सातव्याला ती नेमकी कुठे होती हे शोधावं लागतं. माझ्या त्या जादूगाराच्या डाव्या खांद्याखालच्या चुणीला नऊ हात लागले आणि आजही ते मॉडेल कुणी हातात घेतलं की मी तीच चुणी उजेडाकडे वळवून दाखवते.

बाकीचं पटकन. क्लोकच्या अगदी कडेवर उजळ लालची केसाएवढी रेघ, ब्रशचं टोक नाही, बाजू वापरून. डोळ्यांना आधी ऑफव्हाइट, मग वरून खाली एकच काळी उभी रेघ, बिघडली तर भोवतीने त्वचेचा रंग लावून नीट करा. बेसला (पायाखालच्या चकतीला) वाळू आणि फेव्हिकॉल, तपकिरी, ड्रायब्रश, बेसची कड काळी.

वार्निश मॅट, आणि पावसाळ्यात तेही ब्रशनेच, कारण दमट हवेत मारलेल्या स्प्रे वार्निशने पांढरी साय धरली तर ते सगळे नऊ हात तिच्याखाली जातात. दोन पातळ हात, मध्ये रात्रभर अंतर, आणि लावतानाही तेच, आधी ब्रशचं पोट टिश्यूला.