गोड सीरियल देताना डब्याची मागची बाजू वाचा
मुलांच्या सकाळच्या वाटीत चॉकलेटी सीरियल कधीच असू नये असे नाही. मात्र ते किती आणि कशाबरोबर, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायला हवे. डब्यावर 100 ग्रॅममागे 30 ग्रॅम साखर लिहिलेली असेल, तर 30 ग्रॅम सीरियलमधून 9 ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमच्यांहून अधिक साखर पोटात जाते, आणि वाटी भरताना आपला हात 30 ग्रॅमवर क्वचितच थांबतो. एकदा काट्यावर तोलून पाहावेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार, दिवसाच्या 2000 कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतली धरून, 50 ग्रॅमच्या, शक्यतो 25 ग्रॅमच्या आत असावी. लहान मुलांचा आहारच कमी, त्यामुळे त्यांची मर्यादाही कमी.

म्हणून मूठभर गोड सीरियल साध्या ओट्समध्ये मिसळावे, दुधात साखर घालू नये आणि हंगामात आपल्या नाशिकची द्राक्षे घालावीत. अख्खे द्राक्ष घशात अडकू शकते, तेव्हा लहानग्यांसाठी ती उभी चिरूनच द्यावीत. बाकीच्या दिवशी पेठ-सुरगाणा तालुक्यांकडची नागली, म्हणजे नाचणी, आहेच: तिची गरम भाकरी आणि वाटीभर दही मला केव्हाही अधिक भरवशाचे वाटते.