ग्रुपमध्ये नाव आहे, तरी ‘परमिशन डिनाइड’? लिनक्सवर कारण असं शोधा

यूएसबी-सिरियल केबल जोडलेली आहे, युजर ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरू शकणाऱ्यांचा ग्रुप) आहे, ग्रुपला वाचा-लिहायची मुभा आहे, तरी पोर्ट उघडत नाही. डेबियन-उबुंटूवर असं झालं की बरेच जण थेट ‘सीएचमॉड ७७७’ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड) चालवतात. कृपा करून तसं करू नका. डिव्हाइस मशीनवरच्या सगळ्यांना मोकळं होतं आणि मूळ कारण तसंच राहतं.

आधी नुसतं ‘आयडी’ (युजरचे ग्रुप दाखवणारी कमांड) चालवा, मग ‘आयडी’पुढे युजरचं नाव देऊन. दुसऱ्या उत्तरात डायलआउट आहे आणि पहिल्यात नाही, तर चालू सेशनला नवा ग्रुप अजून लागलेला नाही. लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. अनेकदा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं, तर ‘एलएस -एल’ने डिव्हाइसची फाइल बघा. परवानग्यांच्या शेवटी + दिसला, तर तिच्यावर एसीएल, म्हणजे ठरावीक युजर-ग्रुपसाठीच्या जादा परवानग्यांची यादी, आहे. मग ती बघायला ‘गेटएफएसीएल’ चालवा. समजा, त्यात या ओळी आल्या:

युजर:अमोल:आर--
ग्रुप::आरडब्ल्यू-

इथे आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं. अमोल डायलआउटमध्ये असला तरी त्याला लिहिता येणार नाही. लिनक्स परवानग्यांची बेरीज करत नाही. आधी मालक, मग नावाने नोंदलेला युजर, मग ग्रुप, शेवटी बाकीचे. जी नोंद आधी लागू पडते, तिथेच निकाल लागतो. अमोलच्या नावाची ओळ सापडली, म्हणून ग्रुपकडे कोणी पाहिलंच नाही. ग्रुप अनेक असतील, तर त्यांतल्या एकाने मागितलेली सगळी परवानगी दिली की पुरतं. पण एकाने फक्त वाचायची आणि दुसऱ्याने फक्त लिहायची दिली, तर दोन्हींसाठी एकदम फाइल उघडत नाही.

‘मास्क’ची ओळही वाचा. नावाने नोंदलेल्या युजरना आणि ग्रुपना मास्कपेक्षा जास्त काही मिळत नाही. एसीएल असताना सीएचमॉडने ग्रुपची परवानगी बदलायला गेलात, तर बदलतो तो हा मास्क.

अमोलला कोणी मुद्दाम अडवलंय का, हे ॲडमिनला विचारा. नसेल, तर ‘सेटएफएसीएल -एक्स यू:अमोल’ आणि पुढे फाइलचा पत्ता देऊन ती ओळ काढा. मात्र केबल काढून जोडली की फाइल नव्याने तयार होते, त्यामुळे कायमची दुरुस्ती यूडेव्हच्या (डिव्हाइसच्या फाइलींचा ग्रुप आणि परवानग्या ठरवणारी लिनक्सची सेवा) नियमातच हवी: ग्रुप डायलआउट, मोड ०६६० (मालक आणि ग्रुपला वाचा-लिहायची मुभा, बाकीच्यांना काही नाही). नियम रीलोड करा, केबल पुन्हा जोडा आणि अमोलच्याच लॉगइनवरून, सुडो न वापरता तपासा; सुडोने कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, नावाने चालते आणि रूटला या परवानग्या अडवत नाहीत.