मुलांना अक्षर शिकवताना या चुका टाळा : वहीच्या आधी हात पाहा

कोल्हापुरात पहिलीच्या पालकसभेत मला दरवर्षी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "मॅडम, अक्षर सुधारायला रोज किती पानं लिहून घेऊ?" या प्रश्नामागची कळकळ खरी असते, परंतु पहिली चूकही तेथेच होते. आपण लिहून झालेले अक्षर तपासतो. ते लिहिताना मुलाचा हात कोठून निघाला, कोणत्या बाजूला वळला आणि कोठे थांबला, याकडे मात्र आपले लक्ष नसते. अक्षराच्या रूपाला मराठीत ‘वळण’ म्हणतात, आणि माझ्या अनुभवात बहुतेक अडचणी या वळणातच असतात. चुकीच्या वळणाने दहा पाने लिहिली, तर तेच वळण अधिक पक्के होते.

‘व’ हे अक्षर घ्या. त्याचा गोल उजवीकडून निघून वर जातो, डावीकडे वळतो, खालून पुन्हा उजवीकडे येतो आणि मग दंड वरून खाली ओढला जातो. काही मुले हा गोल उलट्या बाजूने फिरवतात आणि दंड खालून वर नेतात. सावकाश लिहिलेला असा ‘व’ देखणाही दिसतो. पण श्रुतलेखनात वेग वाढला की गोल उघडा राहतो आणि दंड त्यापासून सुटतो. ‘व’च्या पोटात तिरपी रेघ दिली की ‘ब’ होतो आणि उजवीकडे आकडी दिली की ‘क’ होतो, म्हणून एका वळणाची चूक तीन अक्षरांत शिरते. याच कारणाने वर्णमालेच्या क्रमाने ‘क, ख, ग’ लिहायला लावण्यापेक्षा ‘व, ब, क’ किंवा ‘र, स, ख’ असे सारख्या वळणाचे गट एकत्र शिकवावेत. मुलाच्या शेजारी बसून त्याला पाच अक्षरे लिहू द्यावीत आणि आपण न बोलता फक्त हात पाहावा. वळण चुकत असेल, तर ते अक्षर पाटीवर ओल्या बोटाने मोठे काढून घ्यावे, कारण आकार मोठा असला की दिशा हाताच्या लक्षात राहते.

शिरोरेषेची घाई

काही मुले आधी लांबलचक शिरोरेषा ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे बसवतात. मग शब्द लहान झाला तर रेघ उरते आणि मोठा झाला तर अक्षरांची दाटी होते. शब्द पूर्ण लिहून शिरोरेषा शेवटी द्यावी, हे बहुतेक घरांत सांगितले जाते. पण ती कोठे तोडायची हे सांगायचे राहून जाते. ‘भ’ आणि ‘ध’ या अक्षरांवर शिरोरेषा अखंड नसते. हात न उचलता ती सरसकट ओढली की ‘धार’ची ‘घार’ होते आणि ‘भाजी’ची ‘माजी’ होते. पालकांना वाटते की मूल अक्षरे ओळखण्यात गोंधळते आहे. प्रत्यक्षात त्याला अक्षर नीट ठाऊक असते, फक्त रेघ एका ठिकाणी थांबवायची आहे हे कोणी दाखवलेले नसते. ही तक्रार घेऊन आलेल्या आईला मी आधी मुलाकडून तो शब्द मोठ्याने वाचून घ्यायला सांगते.

दोन लिप्या, दोन रेघा

इंग्रजी आणि सेमी माध्यमाच्या मुलांची एक वेगळीच अडचण असते. इंग्रजी अक्षर रेघेवर बसते, तर आपले देवनागरी अक्षर रेघेला लोंबते. चाररेघी वहीची सवय झालेले मूल मराठी अक्षरही खालच्या रेघेवर बसवते. त्यामुळे उकार पुढच्या ओळीत घुसतो, वेलांटी आणि मात्रा यांना जागा उरत नाही, आणि वही अस्ताव्यस्त दिसते म्हणून मूल बोलणी खाते. मराठीसाठी दुरेघी वही घेऊन वरची रेघ रंगीत पेन्सिलीने ठळक करावी आणि "अक्षर या दोरीवर वाळत घालायचं" असे सांगावे. सहा वर्षांच्या मुलाला हे एका वाक्यात कळते.

हात तयार होण्याआधी पेन्सिल

आपल्या तालमींत नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. आधी जोर आणि बैठका करून घेतात. लेखनाचेही तसेच आहे. मनगटातील आठ लहान हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत ती एकेक करून पक्की होत जातात. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढू लागते, चौथ्या वर्षाच्या सुमारास अधिकचे चिन्ह काढते, आणि तिरप्या रेघांचा त्रिकोण मात्र पाचव्या वर्षाच्या आसपास जमतो. ज्या मुलाला तिरपी रेघ अजून ओढता येत नाही, त्याच्याकडून ‘र’ आणि ‘य’ घोटून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. गणपतीच्या दिवसांत कुंभार गल्लीतून शाडूचा एक गोळा आणावा. तो मळणे, त्याच्या वळ्या करणे आणि त्या वळ्यांची अक्षरे मांडणे यात बोटांची जेवढी तयारी होते, तेवढी पाने भरून होत नाही. पेन्सिलीची पकड बिघडली असेल, तर खडूचा किंवा रंगखडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यावा, कारण इतका लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट आपोआप कामाला लागते.

कित्ता गिरवताना

ठिपके जोडून अक्षर काढताना मूल एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर थबकत जाते आणि सलग वळण शिकतच नाही. त्याऐवजी फिकट अखंड अक्षर द्यावे आणि सुरुवातीला एकच ठळक टिंब असावे. पानाच्या माथ्यावर एकदाच कित्ता लिहून दिला, तर दुसऱ्या ओळीपासून मूल स्वतःच्याच अक्षराची नक्कल करू लागते, म्हणून शेवटची ओळ सर्वांत वाईट दिसते. प्रत्येक ओळीच्या आरंभी नमुना लिहून द्यावा आणि दहा मिनिटांत थांबावे. ‘ल’ आणि ‘श’ यांचा नमुना मोबाइलवर पाहून देऊ नये, कारण तेथे अनेकदा हिंदी वळण दिसते. मराठीत पाकळीचा (उभ्या दंडाशिवायचा) ‘ल’ आणि देठाचा (गाठीऐवजी देठ असलेला) ‘श’ लिहितात, आणि महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयातही तेच रूप आहे.

सहा-सात वर्षांपर्यंत एखादे अक्षर किंवा अंक आरशातल्यासारखा उलटा येणे सामान्य आहे. सातवे-आठवे वर्ष उलटूनही ते थांबत नसेल, हात दुखत असेल किंवा मूल लिहिणे टाळत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचा, म्हणजे लेखनासारख्या रोजच्या कामांसाठी हात तयार करून घेणाऱ्या तज्ज्ञाचा, सल्ला घ्यावा.

डावखुरे मूल

त्याचा हात बदलू नये. घरातील वडीलधारी माणसे अजूनही तसा आग्रह धरतात आणि त्यांना समजावणे अवघड जाते, पण ते समजावलेच पाहिजे. डावखुऱ्या मुलाला बाकावर डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही. वहीचा माथा थोडा उजवीकडे कलवावा आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगावी. डावीकडचा नमुना त्याच्या हाताखाली झाकला जातो, म्हणून तो ओळीच्या उजव्या टोकालाही लिहून द्यावा. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे नेताना त्याला पेन्सिल ढकलावी लागते आणि टोक कागदात रुतते. अशा मुलाने ती उजवीकडून डावीकडे ओढली, तर मी त्याला अडवत नाही.