गुलमर्गला स्नोमोबाइल चालवा, पण झाडांत शिरू नका

परळला माझं दुचाकींचं गॅरेज आहे. तीसेक वर्षं इंजिनं उघडतोय. डिसेंबर उजाडला की आमच्या इमारतीतलं किंवा आजूबाजूच्या चाळींतलं कुणी ना कुणी काश्मीरला निघतं आणि निघण्याआधी गॅरेजवर येऊन विचारतं, "गुलमर्गला स्नोमोबाइल मिळते ना? झाडांमधून नेतात ना?" मिळते, बर्फावर पट्ट्याने चालणारी ती स्कूटरसारखी गाडी. पण झाडांमधून न्यायला सांगू नका. का, ते गिऱ्हाईक समोर उभं असताना नीट समजावता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

२०१७ च्या फेब्रुवारीत भाच्याला घेऊन मी पहिल्यांदा गुलमर्गला गेलो. मोकळ्या मैदानात दोन फेऱ्या झाल्या आणि भाचा म्हणाला, "मामा, त्या झाडीतून जाऊ या ना, व्हिडिओ मस्त येईल." मी गाडीवाल्या मुलाला सांगितलं, त्याने नेलं. गाडीखाली काही तरी कट्कट् वाजलं, तेव्हा वाटलं काटक्या असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने चालत गेलो, तर बर्फातून वीतभर वर आलेले हिरवे शेंडे मोडून पडले होते. ते कैल होतं, म्हणजे तिकडचं पाइन. एकेका जुडग्यात पाच-पाच लांब सुया. मोडलेल्या जागी डिंक आला होता आणि त्याला गॅरेजमधल्या टर्पेंटाइनसारखा वास होता. हाताने कोपरभर बर्फ उकरला तर खाली खोड आणि त्यावर फांद्यांची चार कडी. कैलाला साधारण वर्षाला एक कडं येतं. म्हणजे वरची चार वर्षं माझ्या हातात, आणि त्याखाली अजून किती ते बर्फात. मधला शेंडा मोडला की बाजूची एखादी फांदी वर वळते आणि झाड जन्मभर वाकडं किंवा दुबेळकं वाढतं. अशी अकरा झाडं मी मोजली. ती आम्ही मोडली होती.

मैदानात परत आल्यावर त्या गाडीवाल्या मुलाशी बोललो. तो म्हणाला, "जनाब, आप बोलोगे तो ले जाएँगे। आप नहीं बोलोगे तो हम क्यों जाएँ?" या सगळ्या लिखाणाचं मूळ तिथे आहे. वाट गिऱ्हाईक ठरवतं. तेव्हा गिऱ्हाइकाला माहीत हवं.

बर्फाखाली काय असतं

आपल्याला मुंबईकरांना बर्फ म्हणजे पांढरं, रिकामं मैदान वाटतं. ते तसं नसतं. बर्फाचा थर पंधरा-वीस सेंटीमीटरच्या वर गेला की तो गोधडीचं काम करतो. वर उणे दहा असलं तरी जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकतं. जमीन आणि बर्फ यांच्या मधे एक बारीक पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत रानउंदीर, चिचुंद्र्या हिवाळाभर फिरतात, खातात. कोल्हा वरून कान देऊन त्यांनाच शोधतो. गोधडी उबदार असते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. बर्फाचंही तेच. तो दाबला की हवा निघून जाते, पोकळी बसते, थंडी खोलवर उतरते, मुळं गोठतात, आणि वसंतात तो दाबलेला पट्टा बाकीच्यांपेक्षा उशिरा वितळतो.

तुम्ही म्हणाल, रुंद पट्ट्यावर चालणारी गाडी, तिचं वजन पसरतं. खरं आहे. दोन-तीनशे किलोची स्नोमोबाइल चौरस इंचाला माणसाच्या पायापेक्षाही कमी दाब देते. पण माणूस पावलापावलाने जातो आणि गाडी सलग पट्टा दाबत जाते. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात याचा प्रयोग झाला आणि १९७९ मध्ये तो छापून आला. पाच फेऱ्यांत बर्फ जेवढा दाबला गेला, त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश पहिल्या एकाच फेरीत दाबला गेला होता. हा आकडा डोक्यात पक्का बसवा. एकाच वाटेवरून शंभर गाड्या गेल्या तर एक वाट जाते. शंभर गाड्या शंभर दिशांना गेल्या तर अख्खं रान जातं. "कोऱ्या बर्फावरून" जाण्याची हौस सगळ्यात महाग पडते ती यामुळेच.

जाण्याआधी

तारीख बर्फ बघून ठरवा, सुट्टी बघून नको. काश्मीरचा कडक हिवाळा, चिल्लई कलां, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा. त्यात बर्फ असणारच असं आपण धरून चालतो. पण २०२४ च्या जानेवारीत बराच काळ गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, बर्फ आला तो महिना संपता संपता. विमानाचं तिकीट काढताना हे लक्षात असू द्या आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की बर्फ कमी असेल तर स्नोमोबाइल नाही. तिथे पोचल्यावर सांगितलं तर मुलं हिरमुसतात आणि मग आपणच पाघळतो.

किती बर्फ पुरेसा? अमेरिकेतल्या काही सरकारी जंगलांत वाटेबाहेर गाडी न्यायला बारा इंच, म्हणजे साधारण तीस सेंटीमीटर बर्फ लागतो. मी तोच आकडा धरतो. गुलमर्गच्या पायथ्याच्या टांगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने घेता तिथेच एक काठी घ्या. मी माझ्या काठीला खालून तीस सेंटीमीटरवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळतो. गाडीवर बसण्याआधी मैदानात पाच-सहा ठिकाणी काठी टोचायची. टेप बर्फात गेली नाही तर फेरी रद्द. गाडीवाल्यालाही हे पटतं, कारण कमी बर्फात नुकसान त्याचंच. स्नोमोबाइलचा पट्टा प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो आणि त्यांना वंगण मिळतं ते बर्फाचंच. बऱ्याच गाड्यांचं इंजिनही पट्ट्याने उडवलेल्या बर्फावरच थंड होतं. पातळ बर्फात किंवा कडक बर्फावर प्लास्टिक झिजतं, इंजिन तापतं आणि पट्टा खालचं गवत खरवडून काढतो.

गाडी निवडताना

हा माझा धंदा आहे, त्यामुळे इथे थोडं जास्त बोलतो. गाडीजवळ गेल्यावर पहिला प्रश्न विचारा: "टू स्ट्रोक है या फोर स्ट्रोक?"

जुन्या टू स्ट्रोक स्कूटरच्या मागे ज्यांनी सिग्नलला उभं राहून निळा धूर खाल्लाय, त्यांना वेगळं सांगायला नको. टू स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या दोनच धावांत काम उरकणाऱ्या इंजिनात, पिस्टन खाली आला की ताज्या मिश्रणाची खिडकी आणि धुराची खिडकी एकाच वेळी उघडी असते. आत येणारं मिश्रण धुराला बाहेर ढकलतं आणि ढकलता ढकलता स्वतःही निसटतं. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या इंजिनात पेट्रोलचा जवळजवळ चौथा हिस्सा न जळता नळीतून बाहेर पडतो, सोबत टू-टी ऑइल. मुंबईत तो धूर हवेत जातो. तिकडे त्यातला काही भाग बर्फावर बसतो, हिवाळाभर साठतो आणि वसंतात वितळलेल्या पाण्याबरोबर एकदम खाली उतरतो. गुलमर्गच्या बर्फाचं पाणी फिरोजपूर नाल्यातून खालच्या गावांकडे जातं.

नव्या, इंजेक्शनवाल्या टू स्ट्रोक गाड्या बऱ्याच सुधारल्या आहेत, पण भाड्याच्या ताफ्यात जुन्या गाड्याही असतात. ओळखायचं कसं? चालू करायला लावा आणि बाजूला जरा लांब उभे राहा. निळा धूर, तेलाचा वास, डबडं वाजवल्यासारखा टर्र टर्र आवाज आला की पुढची गाडी बघा. नळीच्या तोंडाखालचा बर्फही बघा. तिथे काळपट-पिवळा डाग असेल तर गाडी जास्तच तेल फेकतेय. फोर स्ट्रोकसाठी थोडं थांबावं लागलं तर थांबा, थोडे पैसे जास्त पडले तरी द्या. गिऱ्हाईक फोर स्ट्रोक मागतंय हे मालकाच्या कानावर गेलं तरच पुढची गाडी तो तशी घेईल. माझ्या गॅरेजमध्येही जुन्या स्कूटर अशाच हळूहळू दिसेनाशा झाल्या.

चालवताना

चालवायला ही गाडी सोपी आहे. उजव्या अंगठ्याला थ्रॉटल, डाव्या हाताला ब्रेक, आणि गिअर म्हणाल तर ॲक्टिव्हासारखाच बेल्ट आणि क्लच. मनगटाला बांधायची एक दोरी असते, पडलात तर ती निघून इंजिन बंद होतं. ती बांधल्याशिवाय बसू नका.

बसण्याआधी गाडीवाल्याला स्वच्छ सांगा: "भाईजान, जो ट्रैक बना हुआ है उसी पे चलेंगे। जंगल में नहीं जाना, नया रास्ता नहीं बनाना।" हे दर ठरवतानाच सांगा, म्हणजे मैदानातल्या लांब फेरीचाच भाव ठरेल. बर्फातून हिरवं टोक दिसलं तर तिथे खाली अख्खं झाड उभं आहे असं समजून लांबून वळा. वळताना मागचा पट्टा भिरकावत बर्फ उडवायचा मोह होतो, पण तिथेच माती उघडी पडते. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ भुसभुशीत आणि पोकळ असतो, माणूस कमरेपर्यंत आत जातो. त्यामुळे झाडांपासून लांब राहणं तुमच्याही हिताचं.

वेळ सकाळी दहा ते दुपारी तीनची. गुलमर्गच्या भोवतीचं जंगल अभयारण्य आहे. तिथे कस्तुरीमृग आहे, मोनाल हा रंगीत पक्षी आहे, आणि वर अफरवत डोंगराच्या उतारावर भूर्जाची झाडं आहेत. कस्तुरीमृग चरायला बाहेर पडतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला. हिवाळ्यात जनावराच्या अंगात साठवलेली चरबी हीच त्याची शिदोरी. आवाजाला बिचकून खोल बर्फातून पळालं की ती शिदोरी संपते, आणि नवं खायला मार्चपर्यंत फारच थोडं मिळतं. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एल्क हरणांची विष्ठा तपासली, तर स्नोमोबाइलची वर्दळ जास्त असताना त्यांच्या अंगातली ताणाची संप्रेरकं वाढलेली आढळली. हरणं पळताना दिसली नाहीत म्हणजे त्यांना त्रास नाही, असं नसतं. जनावर दिसलंच तर इंजिन बंद करा आणि ते आपणहून जाईपर्यंत गाडीवरच बसून राहा.

स्नोमोबाइलवर बंदीच घाला म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हिमाचलातल्या रोहतांग खिंडीत जाणाऱ्या गाड्या दिवसाला हजारावर आणल्या, ६०० पेट्रोल आणि ४०० डिझेल. त्याच वर्षी रोहतांग-सोलंग भागात स्नो स्कूटर, घोडे अशा धंद्यांवरही बंधनं आली. बर्फावर काजळी बसत होती, काही तरी करणं भाग होतं, पण ज्या घरांचं वर्षाचं पोट त्या चार महिन्यांवर चालतं त्यांची कोंडी झाली. यलोस्टोनने दुसरी वाट धरली. तिथे एके काळी प्रवेशद्वारावर इतका धूर साचायचा की चौकीतल्या कर्मचाऱ्यांसाठी आत ताजी हवा सोडावी लागे. आता गाड्या कमी धुराच्याच लागतात, वाट रस्त्याचीच, वाटाड्या किंवा प्रशिक्षण घेतलेला म्होरक्या सोबत, आणि २०१३ च्या नियमानुसार बर्फावरच्या बसगाड्या धरून दिवसाला ११० गटांपर्यंतच प्रवेश. एका गटात दहापेक्षा जास्त स्नोमोबाइल नाहीत. धंदाही चालू आहे. गुलमर्गला असं काही होईल तेव्हा होईल, पण एक वाट, बरी गाडी आणि दिवसाची वेळ हे तीन नियम आपण आजपासून पाळू शकतो.

मागच्या खेपेला आम्ही सोसायटीतले बावीस जण होतो आणि काठी टोचली तर बर्फ अठरा सेंटीमीटर. फेरी रद्द केली. गाड्या ज्याच्याकडे सांगून ठेवल्या होत्या त्या मुलाचा दिवस बुडू नये म्हणून ठरलेल्या पैशातले निम्मे त्याला दिले आणि म्हटलं, चालत काय दाखवशील ते दाखव. लहान मुलांसाठी त्याने ओळखीचे स्लेजवाले आणले, बाकीच्यांना जंगलाच्या कडेपर्यंत नेलं. तिथे कोल्ह्याच्या पावलांची एका रेषेत जाणारी माळ होती. ती मधेच थांबली. पुढे दोन हातांवर बर्फात एक खड्डा, कोल्ह्याने तोंड खुपसलं होतं तिथला, कडेला रक्ताचे दोन थेंब आणि खाली जमिनीलगत अंगठ्याएवढं बोगद्याचं तोंड. आमच्या बरोबरच्या दुसरीतल्या मुलीने पोटावर झोपून त्यात डोकावलं आणि हळूच विचारलं, "आत अजून कोणी आहे का?" गाडीवाला मुलगा म्हणाला, "बहुत हैं, बेटा। धीरे चलो।"