सामूहिक खरेदीनंतर सातबारावर एकट्या अध्यक्षाचे नाव: माझा अनुभव

जमीन आमच्या संस्थेच्या पुढाकाराने, पण सर्व सभासदांच्या नावे घेतलेली. खरेदीखतात प्रत्येकाचे क्षेत्र लिहिलेले. सातबारावर मात्र अध्यक्षाचे नाव आणि पुढे 'व इतर'. अशा उताऱ्यावर बाकीच्यांना ना पीककर्ज, ना पीकविमा.

त्याच दस्तावर दुसरा फेरफार (हक्कबदलाची नोंद) मागितला तर 'आधीच मंजूर' म्हणून अर्ज परत येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 247 चे अपील 60 दिवसांच्या मुदतीत अडकते. तलाठी तहसीलकडे बोट दाखवतो, तहसील तलाठ्याकडे!

चालले ते त्याच संहितेचे कलम 155, लेखनप्रमादाची (लिहिताना झालेल्या चुकीची) दुरुस्ती. आधी इंडेक्स-2 (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), खरेदीखताची पूर्ण प्रत (नावांची पुरवणी यादी धरून, चूक बहुधा तिथेच होते, फेरफार लिहिणारा पहिले पान पाहतो) आणि मूळ फेरफाराची नक्कल काढा. मग अध्यक्षाचे 'नोंद चुकली, हरकत नाही' असे प्रतिज्ञापत्र. हे हवेच, वाद दिसला की 155 चालत नाही. सर्वांच्या सह्यांनी तहसीलदारांकडे अर्ज. आदेश मिळाल्यावर तलाठ्याकडून दुरुस्तीचा फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. शेवटी प्रत्येकाचा 8-अ (खातेदाराच्या नावावरील जमिनींचा उतारा) काढून क्षेत्राची बेरीज खरेदीखताशी जुळवा.