नवा मॉनिटर घेण्यापूर्वी: ग्राफिक्स कार्डाला झेपणारे रिझोल्यूशन ठरवण्याची तयारी

मॉनिटरच्या किमती पाहायला बसण्याआधी आपल्या ग्राफिक्स कार्डाचे नेमके नाव, त्यावरील मेमरी आणि पुढील वर्षभरात प्रामुख्याने खेळायचे असलेले गेम एका कागदावर लिहून काढावेत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ विभागातील जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या नोंदीवर) क्लिक केल्यास नाव आणि मेमरी दोन्ही दिसतात. केवळ नावावर थांबू नये, कारण आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत विकले गेले आहे आणि रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरील पिक्सेलची (ठिपक्यांची) संख्या, ठरवताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. गेमची नावे लिहिताना प्रत्येकासमोर आपल्याला सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रे, हव्यात तेही लिहावे. व्हॅलोरंटमध्ये सेकंदाला १४४ फ्रेमही कमी वाटणाऱ्या खेळाडूला सायबरपंक २०७७ मात्र ६० फ्रेमवर समाधानाने खेळता येतो, आणि या दोघांपैकी कोणत्या गेमसाठी मॉनिटर घ्यायचा आहे हे आधीच ठरलेले बरे.

त्यानंतर पिक्सेलचा हिशेब मांडावा. १९२०×१०८० मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६०×१४४० मध्ये सुमारे ३६.९ लाख आणि फोर-के म्हणजे ३८४०×२१६० मध्ये सुमारे ८२.९ लाख. म्हणजे १०८० वरून १४४० वर जाताना कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये पावणेदोन पटींहून थोडे अधिक आणि फोर-केवर जाताना चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. फ्रेम त्याच प्रमाणात घटतील असे नाही, कारण कार्डाची सगळीच कामे पिक्सेलच्या संख्येवर अवलंबून नसतात. तरीही दोन पायऱ्यांमधील अंतर किती विषम आहे याची जाणीव या आकड्यांवरून होते.

यापुढची चाचणी या तयारीतील सर्वांत मोलाची आहे आणि बहुतेक खरेदीदार नेमकी तीच वगळतात, याचे वाईट वाटते. आजच्या १०८० मॉनिटरवरच आपले कार्ड १४४० ला कसे चालेल, हे एक पैसाही खर्च न करता पाहता येते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्री-डी सेटिंग्ज’खाली डीएसआर फॅक्टर्स नावाची नोंद आहे, तेथे १.७८ पटीचा पर्याय निवडल्यास गेममध्ये २५६०×१४४० उपलब्ध होते आणि ४ पटीचा निवडल्यास फोर-के. एएमडीच्या कार्डांसाठी हीच सोय व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन या नावाने मिळते. कार्ड खरोखरच तितके पिक्सेल रंगवते आणि मग ते चित्र लहान करून जुन्या मॉनिटरवर दाखवते, त्यामुळे मिळणारा फ्रेमचा आकडा नव्या मॉनिटरवरील आकड्याच्या अगदी जवळ असतो. चाचणीपूर्वी व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करावी, अन्यथा ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर आकडा ६० वरच अडकून राहील. गेमच्या सुरुवातीच्या मोकळ्या दृश्यात न मोजता गर्दीच्या, धुराच्या किंवा पावसाच्या प्रसंगात मोजावे आणि सरासरीसोबत सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा आकडाही टिपून ठेवावा, कारण खेळताना जाणवणारे हिसके तेथेच दिसतात.

आकडे वाचताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. रिझोल्यूशन वाढवूनही फ्रेम फारशा घटल्या नाहीत, तर १०८० ला ग्राफिक्स कार्ड मोकळे राहून प्रोसेसरची वाट पाहत होते असे समजावे. अशा संगणकासाठी १४४० चा मॉनिटर निःशंकपणे घ्यावा. उलट सरासरी बरी असूनही मधूनमधून चित्र थबकत असेल, तर कार्डाची मेमरी भरली आहे का ते तपासावे आणि टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांची) पातळी एक पायरी उतरवून पुन्हा मोजावे. ८ जीबीच्या आरटीएक्स ४०६० सारख्या कार्डाला माझ्या मते १४४० ही वरची मर्यादा मानावी, तीही नव्या जड गेममध्ये सेटिंग आटोक्यात ठेवण्याच्या तयारीने.

डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र कमी रिझोल्यूशनवर तयार करून मग मोठे करणाऱ्या सोयी) वापरणार असाल, तर ते चालू ठेवून दुसरी मोजणी करावी. ‘क्वालिटी’ पातळीवर १४४० चे चित्र मुळात सुमारे १७०७×९६० वर तयार होते, तर फोर-केचे २५६०×१४४० वर. त्यामुळे मधल्या श्रेणीचे कार्ड फोर-केवरही तग धरू शकते, मात्र ज्या गेममध्ये ही सोय नाही तेथे ते लगेच अडखळते. पॅनेलच्या, म्हणजे मॉनिटरच्या पडद्याच्या, मूळ रिझोल्यूशनपेक्षा कमी रिझोल्यूशनवर खेळू, असा विचार करून मोठा मॉनिटर घेऊ नये. फोर-के पॅनेलवर १४४० चे चित्र दीडपटीने ताणले जाते आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात.

टेबलाची खोली मोजून आकारही आताच ठरवावा. २४ इंचांवर १०८० ला इंचामागे सुमारे ९२ पिक्सेल पडतात, २७ इंचांवर तेच ८२ होतात आणि जवळून बसणाऱ्याला दाणेदार वाटतात. २७ इंच आणि १४४० ही जोडी १०९ पर्यंत जाते आणि हातभर अंतरावरून ती मला सर्वांत सुखद वाटते.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यायचा असून मोजलेल्या फ्रेम १४४ पेक्षा बऱ्याच खाली राहत असतील तर फ्रीसिंक किंवा जी-सिंक कम्पॅटिबल (कार्डाच्या फ्रेमप्रमाणे आपला वेग बदलणारा) मॉनिटरच निवडावा आणि त्याची ही सोय किती हर्ट्झपासून सुरू होते ते माहितीपत्रकात पाहावे. अनेक मॉनिटरवर ती ४८ हर्ट्झपासून सुरू होते. पोर्टही तपासावेत: एचडीएमआय २.० मार्गे फोर-के ६० हर्ट्झवर थांबते आणि १४४० साधारण १४४ हर्ट्झवर, म्हणून डिस्प्लेपोर्टची केबल डब्यात आहे का, हे विक्रेत्याला आधीच विचारावे.

मॉनिटर घरी येण्यापूर्वी चाचणीसाठी निवडलेले डीएसआरचे पर्याय काढून टाकावेत. जोडताना केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये न लावता ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टमध्ये लावावी, विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः निवडावा, कारण तो पुष्कळदा ६० वरच राहिलेला असतो, आणि प्रत्येक गेममध्ये नवे मूळ रिझोल्यूशन निवडले आहे याची खात्री करावी. परत करण्याची मुदत संपण्याआधी पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा पडदा लावून मृत पिक्सेल शोधावेत.